फोर्क आणि सामाईक शाखा

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर अनेकांनी मिळून लिहिण्याच्या दोन पद्धती. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलसाठी रचलेल्या गिट प्रणालीत प्रत्येकाकडे इतिहासासह कोडची संपूर्ण प्रत असते. दोन्ही पद्धतींचा पाया हाच.

फोर्क म्हणजे मूळ रिपॉझिटरीची (कोडच्या साठ्याची) स्वतःच्या खात्यात घेतलेली प्रत. गिटहबसारख्या सेवांवर योगदानकर्ता या प्रतीत बदल करून मूळ प्रकल्पाला पुल रिक्वेस्ट, म्हणजे ते बदल सामावून घेण्याची विनंती, पाठवतो. अनोळखी माणसाच्या हाती किल्ल्या न देता त्याचे काम घेता येते, हा याचा खरा फायदा. मात्र मूळ प्रकल्पातले बदल वेळोवेळी ओढून घेतले नाहीत, तर फोर्क मागे पडतो.

सामाईक शाखेत लेखनाधिकार असलेले सहकारी एकाच रिपॉझिटरीतल्या एका शाखेवर, म्हणजे बदलांच्या एका स्वतंत्र धाग्यावर, काम करतात. एकाच सुविधेवर दोघे-तिघे रोज काम करत असतील, तर हीच पद्धत सोयीची. धोका असतो तो सक्तीच्या पुशचा: एकाने शाखेचा इतिहास बदलून वर चढवला, की दुसऱ्याच्या कमिट (नोंदवलेले बदल) शाखेतून नाहीशा होऊ शकतात. त्यामुळे मुख्य शाखेला बहुधा संरक्षण दिलेले असते. नवख्यांना फोर्क आणि विश्वासू मंडळींना शाखा, अशी सरमिसळ अनेक प्रकल्पांत दिसते व ती व्यवहार्यही आहे.

फोर्क कधी बंडाचाही असतो, म्हणजे मूळ प्रकल्पापासून फुटून वेगळा विकास सुरू होतो. जीसीसी कंपायलरचा विकास रेंगाळल्याने १९९७ मध्ये ईजीसीएस हा फोर्क निघाला; १९९९ मध्ये तोच अधिकृत जीसीसी ठरला. ओपनऑफिसपासून २०१० मध्ये फुटलेले लिब्रेऑफिस मात्र वेगळेच राहिले.