मीना मरीचे शिक्षण : एक पिशाच्चकथा आणि १८९० च्या दशकातील लंडन

ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावरून पुढे अनेक नाटके, चित्रपट व मालिका निघाल्या. त्यांपैकी २०१३-१४ मध्ये दूरचित्रवाणीवर दाखविली गेलेली दहा भागांची मालिका इतिहासाच्या अभ्यासकाचे लक्ष एका विशेष कारणाने वेधून घेते. मालिकेचे स्थळ लंडन व काळ १८९६ चा आहे. मूळ कादंबरीत शाळेत सहायक शिक्षिका असलेली मीना मरी येथे वैद्यकाची विद्यार्थिनी झाली आहे. तिचा नियोजित वर जोनाथन हार्कर हा वकिलाऐवजी वृत्तपत्राचा बातमीदार आहे, तर व्हॅन हेलसिंग हा तिचा अध्यापक आहे. अमेरिकन उद्योगपतीचे सोंग घेऊन आलेल्या ड्रॅक्युलाला तिच्या ठिकाणी आपली मृत पत्नीच पुन्हा भेटल्याचा भास होतो. स्त्रीच्या विद्याव्यासंगाला कोणता पुरुष कितपत साथ देईल, हा प्रश्न अशा रीतीने रक्तपिपासूच्या कथेत आणून बसविला आहे.

हा प्रश्न आजच्या काळाने त्या काळावर लादला, असा आक्षेप सहज सुचतो. तथापि तो टिकणारा नाही. ‘मोना मॅक्लीन, मेडिकल स्टुडंट’ ही कादंबरी १८९२ मध्येच प्रसिद्ध झाली होती. ग्रॅहॅम ट्रॅव्हर्स हे तिच्यावरील नाव पुरुषी असले, तरी ते मार्गारेट टॉड या वैद्यक शिकणाऱ्या स्त्रीने घेतलेले टोपणनाव होते. वैद्यक शिकणारी नायिका आणि तिच्या व्यवसायाला आपला मानणारा पती हे चित्र म्हणजे त्या दशकाच्या वाचकाला अगदीच अनोळखी नव्हते. मालिकाकारांनी ही कादंबरी वाचली होती की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे.

लंडनमध्ये स्त्रीने वैद्यक शिकावयाचे म्हणजे त्या काळी लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत जावयाचे. सोफिया जेक्स-ब्लेक यांच्या पुढाकाराने १८७४ मध्ये ती स्थापन झाली. रॉयल फ्री रुग्णालयाने १८७७ मध्ये तिच्या विद्यार्थिनींना रुग्णशिक्षणासाठी दार उघडले, आणि १८७८ मध्ये लंडन विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या देण्याचे मान्य केले. १८८३ पासून १९०३ पर्यंत एलिझाबेथ गॅरेट अँडरसन या संस्थेच्या प्रमुख होत्या. त्यांचे स्वतःचे उदाहरण प्रस्तुत विषयाला फार जवळचे आहे. १८६५ मध्ये वैद्यकाचा परवाना आणि १८७० मध्ये पॅरिसची एम. डी. ही पदवी त्यांनी मिळविली होती. त्याच वर्षी लंडनच्या शिक्षणमंडळाची निवडणूक त्यांनी लढविली व जिंकली. त्या निवडणुकीच्या कामात जेम्स स्केल्टन अँडरसन हे नौकाव्यवसायातील गृहस्थ त्यांचे प्रमुख साहाय्यक होते. १८७१ च्या आरंभी दोघांचा विवाह झाला. विवाहानंतर बाई व्यवसाय सोडतील, हा अनेकांचा तर्क खोटा ठरला. त्यांनी व्यवसाय सोडला नाही, उलट १८७२ मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र रुग्णालय काढले. मात्र या विवाहाला सर्वसामान्य नियम समजू नये. त्याच काळात टपाल खात्यासारख्या ठिकाणी विवाह होताच स्त्रीला नोकरी सोडावी लागे. विवाहित स्त्रीला स्वतःच्या मिळकतीवर पूर्ण हक्क देणारा कायदाही १८८२ पर्यंत झालेला नव्हता. पतीचा स्वभाव चांगला असणे ही एक गोष्ट, आणि पतीच्या स्वभावावर काहीच अवलंबून नसणे ही दुसरी.

आता मूळ कादंबरीकडे वळले असता काय दिसते? स्टोकरची मीना पदवीची इच्छा धरीत नाही. ती लघुलेखनाचा कसून सराव करते, टंकलेखनयंत्र चालविते, आगगाड्यांची वेळापत्रके मुखोद्गत ठेवते. स्त्रीपत्रकारांप्रमाणे ऐकलेले संभाषण जसेच्या तसे टिपून ठेवण्याची तिला हौस आहे. पण या सर्वांचे कारण ती एकच देते : विवाहानंतर जोनाथनच्या उपयोगी पडता यावे. ‘नवी स्त्री’ हा शब्दप्रयोग १८९४ च्या सुमारास इंग्रजी नियतकालिकांत गाजू लागला होता; मीना तिची थट्टाही करते. मात्र थट्टा करणाऱ्या या मुलीच्या हातांत जी कौशल्ये आहेत, ती नेमकी त्याच नव्या स्त्रीची आहेत, हे लेखकाच्या ध्यानात नसेल असे वाटत नाही. स्टोकर स्वतः डब्लिनमध्ये सरकारी कारकुनी केलेला गृहस्थ होता आणि १८७९ मध्ये त्याने न्यायालयीन लिपिकांच्या कर्तव्यांवर एक ग्रंथही लिहिला होता. कागद नीट लावण्यात किती बुद्धी लागते, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते.

भाषेच्या अभ्यासकाला या कादंबरीत आणखी एक गोष्ट आढळते. पिटमनची १८३७ मधील लघुलिपी वर्णलेखनावर नव्हे, तर उच्चारावर आधारलेली होती. ती लिहिणाऱ्याचा कान तयार असावा लागे. अशा सरावलेल्या कानाने मीना डॉ. सीवर्डच्या फोनोग्राफवरील नळकांडी ऐकते आणि टंकलेखनयंत्रावर त्यांच्या तीन प्रती काढते. पुढे ड्रॅक्युला हस्तलिखिते व नळकांडी अग्नीत टाकतो, तेव्हा तिजोरीत ठेवलेली प्रत तेवढी वाचते. ज्याला आपण ही कादंबरी म्हणतो, ती कथेच्या हिशेबाने मीनाच्या बोटांखालून निघालेली आहे.

आणि नेमक्या याच वेळी, कागदांची जुळणी पूर्ण होताच, पुरुषमंडळी ठरवितात की यापुढे तिला काही सांगावयाचे नाही. तिची बुद्धी पुरुषाची आहे, अशी स्तुती व्हॅन हेलसिंग करतो आणि त्याच दमात तिला विश्रांतीस धाडतो. जोनाथनला या निर्णयाने सुटल्यासारखे होते. तो दुष्ट नाही. त्याचे तिच्यावर निस्सीम प्रेम आहे. परंतु मंडळी शेजारच्या ओसाड वास्तूत शोध घेत हिंडत असताना पिशाच्च तिच्याच खोलीत येऊन जाते, आणि सकाळी तिचा फिकट चेहरा पाहूनही पतीला काही उमगत नाही. संरक्षणासाठी बाळगलेले मौनच घातास कारण झाले, हे कथेत कोणी उघड बोलून दाखवीत नाही. घटनाक्रमच ते सांगतो. पुढे ती पुन्हा सल्लामसलतीत येते. शत्रू कोणत्या नदीमार्गाने परतेल याचे पद्धतशीर टिपण तीच करते, आणि ते बरोबर ठरते. मालिकेने तिला विद्यार्थिनी करून तिची आकांक्षा डोळ्यांना दिसेल अशी केली, हे खरे. पण साथ देणारा व वगळणारा पुरुष एकच असू शकतो, ही मूळ कादंबरीतील जाणीव अधिक खोल आहे. दोन प्रेमिकांत निवड करावयास लावले की हा पेच बराचसा सोपा होऊन जातो.

मीनाचा ‘उपयोगी पडणे’ हा शब्दप्रयोग मराठी वाचकाने जरा तपासून पाहावा. आपल्याकडे या विषयासाठी तीन क्रियारूपे प्रचलित आहेत : ‘पत्नीला शिकविले’, ‘पत्नीला शिकू दिले’ आणि ‘पत्नी शिकली’. पहिले प्रयोजक, दुसरे अनुज्ञार्थी, आणि केवळ तिसऱ्यात पत्नी स्वतः कर्ता आहे. गेल्या शतकांतील सुधारकांची चरित्रे चाळली असता पहिली दोन रूपेच अधिक भेटतात. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी मिळविली. गोपाळरावांच्या हट्टाविना हे घडले नसते. पण त्या हट्टाचा जाच आनंदीबाईंनी किती सोसला, हेही सर्वश्रुत आहे. तेथे साहाय्य आणि आज्ञा यांतील सीमारेषा पुसट होती.

रखमाबाईंची कथा याच्या उलट आहे. बालपणी लावून दिलेल्या विवाहाचा पती दादाजी भिकाजी याच्या घरी जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८४ मध्ये सुरू झालेल्या खटल्यात १८८७ साली न्यायालयाने त्यांना पतिगृही जा, अन्यथा सहा महिने कारावास भोगा, असे सांगितले. १८८८ मध्ये तडजोड झाली. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या डॉ. ईडिथ पीची यांनी त्यांना पाठबळ दिले. पीचीबाईंनी स्वतः १८८९ मध्ये मुंबईतील व्यापारी हर्बर्ट फिप्सन यांच्याशी विवाह केला आणि दोन्ही आडनावे लावून वैद्यकी चालू ठेवली. त्याच वर्षी रखमाबाई लंडनला गेल्या व गॅरेट अँडरसनबाईंच्या त्याच संस्थेत दाखल झाल्या. कल्पित मीनाला ज्या वर्गांत बसावे लागले असते, त्या वर्गांत काही वर्षे आधी मुंबईची ही विद्यार्थिनी बसून गेली होती. तिच्या पाठीशी पती नव्हता. पतीच्या हक्कातून सुटल्यानंतरच तिचे शिक्षण सुरू झाले. १८९४ मध्ये वैद्यकाची पात्रता मिळवून त्या स्वदेशी परतल्या, आणि मालिकेतील मीना ज्या वर्षी लंडनमध्ये शरीरशास्त्राचे पाठ घेत आहे, त्या १८९६ साली रखमाबाई सुरतेच्या रुग्णालयात रुग्ण तपाशीत होत्या.