कॅमेऱ्याची तिपाई

एखाद्या कलेचा इतिहास सांगतांना आपण कलावंताचें नांव घेतों, त्याच्या यंत्राचें वर्णन करतों. परंतु तें यंत्र ज्याच्या आधारावर उभें राहिलें, त्या आधाराची आठवण सहसा कोणी काढीत नाहीं. छायाचित्रकलेच्या बाबतींत हा आधार म्हणजे कॅमेऱ्याखालची तीन पायांची घोडी, म्हणजेच तिपाई. तिच्याविषयीं चार शब्द बोलावे असें मला वाटलें, तें पुस्तकें वाचून नव्हे, तर माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळें.

आमच्या विट्याच्या परिसरांतील पुष्कळ कुटुंबें सोनें-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठीं पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतीं राहतात. अशाच एका कुटुंबाचा जुना वाडा उतरवावयाचा ठरला, तेव्हां माडीवरच्या पेटींत मोडी कागदांचें एक दप्तर निघालें. मंडळी चार दिवसांसाठीं आलेली; परत जातांना कागद बरोबर नेणार. मला मोडी थोडीफार वाचतां येते, म्हणून त्यांनीं मला बोलावून घेतलें. कागद इतके जीर्ण कीं घडी उलगडतांच कडा गळून पडत. म्हणून वाचन मागाहून करावें, आधीं छायाचित्रें घ्यावीं, असें ठरलें. मीं आपला मोबाईल फोन हातांत धरून पहिल्या दिवशीं चाळीस कागद टिपले. रात्रीं घरीं येऊन पाहतों तों निम्म्याहून अधिक चित्रांत अक्षरांच्या जागीं नुसती शाईची पुसट सावली!

कारण उघड होतें. माडीला खिडकी एकच, आणि दिवस पावसाळी. प्रकाश कमी असला म्हणजे कॅमेऱ्याला तो अधिक वेळ आंत घ्यावा लागतो, आणि तेवढ्या वेळांत माणसाचा हात केसभर जरी हालला तरी रेघ पुसली जाते. साठी उलटलेल्या माझ्या हाताची तर गोष्टच नको. परंतु ही अडचण कांहीं माझ्या एकट्याची नव्हती. ती या कलेच्या जन्माबरोबरच जन्मलेली आहे.

सन 1839 मध्यें फ्रान्समध्यें डागेर याची कृति जगापुढें आली, तेव्हां एका चित्रासाठीं कित्येक मिनिटें कॅमेरा निश्चल ठेवावा लागे. पुढें 1851 सालीं इंग्लंडांत आर्चर यानें ओल्या काचेची कृति प्रसिद्ध केली. तिच्यामुळें वेळ कांहीं सेकंदांवर आला, परंतु दुसरें संकट उभें राहिलें. काचेवर रसायन पसरून, ती ओली असतांच चित्र घेऊन, वाळण्यापूर्वींच धुवावी लागे. आपल्याकडील उन्हाळ्यांत तर काच फारच लवकर वाळे. छायाचित्रकार म्हणजे काचा, बाटल्या, अंधारा तंबू आणि जड लाकडी तिपाई यांचा एक लहानसा तांडाच असे.

मुंबईनें ही विद्या फार लवकर उचलली. 1854 मध्यें तेथें छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन विद्यालयांत हा विषय शिकविण्याचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे या कलेंतील आरंभींचे एतद्देशीय पुरुष होत. 1855 सालींच मुंबई सरकारनें कॅप्टन बिग्ज यांस विजापूर, बदामी, ऐहोळे या बाजूच्या वास्तूंचीं छायाचित्रें घेण्याच्या कामावर नेमिलें.

परंतु तिपाईचें मोल खरें कळतें तें अजिंठ्याच्या लेण्यांत. मेजर रॉबर्ट गिल यांस 1844 मध्यें तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठीं पाठविण्यांत आलें. त्यांनीं कित्येक वर्षें खपून तैलरंगांत मोठमोठ्या नकला तयार केल्या आणि त्या विलायतेस पाठविल्या. 1866 सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत त्यांतील बहुतेक भस्मसात् झाल्या. परंतु त्याच गिलसाहेबांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील वास्तूंचीं दुहेरी छायाचित्रेंही घेतलीं होतीं. फर्गसन यांच्या विवेचनासह त्यांतील शंभर चित्रांचें पुस्तक 1864 मध्यें निघालें, आणि तें आजही पाहावयास मिळतें. हातानें केलेली वर्षांची मेहनत जळाली. स्थिर ठेवलेल्या कॅमेऱ्यानें टिपलेलें राहिलें.

आतां, हा आधार तीनच पायांचा कां? मी शाळेंत मुलांना हें एका साध्या प्रयोगानें दाखवीत असें. चार पायांचें स्टूल उंचसखल जमिनीवर ठेवा. एक पाय अधांतरीं राहून तें डुगडुगतें. तीन पायांची तिवई कोठेंही ठेवा. तिचे तिन्ही पाय जमिनीस टेकतातच, कारण कोणत्याही तीन बिंदूंतून एक सपाट पृष्ठभाग जातोच जातो. मात्र वरच्या वस्तूचा भार त्या तीन पायांमधल्या त्रिकोणाच्या आंत पडला पाहिजे. बाहेर गेला कीं तिवई कलंडली. मोजणीदाराचें यंत्रही याच कारणासाठीं तिपाईवर बसवितात.

पुढें कोरड्या काचा निघाल्या, आणि 1888 मध्यें अमेरिकेंतील ईस्टमन यांनीं कोडॅक नांवाचा हातांत धरावयाचा कॅमेरा बाजारांत आणला. आतां तिपाईचें काम संपलें असें पुष्कळांस वाटलें असेल. परंतु थोड्याच वर्षांत हालतीं चित्रें आलीं. त्या काळचा चलच्चित्रांचा कॅमेरा हातानें दांडा फिरवून चालवावा लागे, आणि दांडा फिरविणारा हातच यंत्राला हालवी. म्हणून भक्कम तिपाईवांचून गत्यंतर नव्हतें. 1899 मध्यें सावेदादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें कुस्तीचें चित्रण केलें. 1912 सालीं दादासाहेब फाळके विलायतेहून कॅमेरा घेऊन आले, आणि भांडवलदारांची खात्री पटविण्यासाठीं त्यांनीं कुंडींतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. कॅमेरा एका जागीं खिळवून थोडीं थोडीं चित्रें घेत जावयाचीं, आणि सर्व जोडून दाखविलीं म्हणजे बीजाचा वेल झालेला क्षणांत दिसावयाचा! त्या काळांत कॅमेऱ्याची जागा हालली असती तर वेल वाढण्याऐवजीं नुसता उड्या मारतांना दिसला असता. त्या लहानशा फितीनें भांडवल मिळालें, आणि 3 मे 1913 रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. आमच्या शेजारच्या कोल्हापुरांत तर बाबूराव पेंटर यांनीं कॅमेरा स्वतःच घडविला आणि त्यावर 1920 सालचा ‘सैरंध्री’ काढला.

आतां वाड्याकडे परत येऊं. दुसऱ्या दिवशीं मी हताश होऊन माडीवर बसलों असतां घरच्यांची कॉलेजांत शिकणारी नात म्हणाली, “गुरुजी, हातानें नका घेऊं. ही घ्या.” तिनें पिशवींतून वीतभर लांबीची एक तिपाई काढली. तिचे पाय लाकडी नव्हते कीं लोखंडी नळीचेही नव्हते. मण्यांची माळ असावी तसे, वाटेल तसे वळणारे! चौकशी केली तेव्हां कळलें कीं या घाटाची तिपाई अमेरिकेंतील जोबी कंपनीनें 2006 मध्यें ‘गोरिलापॉड’ या नांवानें बाजारांत आणली, आणि पुढें तशा अनेक निघाल्या.

हिच्या पायांतील युक्ति आपल्या खांद्यांतच आहे. शरीरशास्त्रांत ज्याला उखळीचा सांधा म्हणतात, तसे कित्येक सांधे एकापुढें एक ओवून प्रत्येक पाय केलेला असतो. एकाचा गोळा दुसऱ्याच्या खोलगट वाटींत घट्ट बसतो. वळविला तर वळतो, सोडला तर घर्षणामुळें तेथेंच थांबतो. वर रबराचीं कडीं असल्यामुळें पाय निसटत नाहीं. त्यामुळें ही तिपाई जमिनीवर उभी राहते, तशीच खिडकीच्या गजाला, झाडाच्या फांदीला वा कठड्याला विळखा घालूनही बसते. आमच्याकडे दसऱ्याला पालख्यांची शर्यत होते. त्या गर्दींत मोठ्या तिपाईस पाय ठेवावयास जागा कोठून मिळणार? परंतु एखाद्या गच्चीचा कठडा हिला पुरतो. विशेष हें कीं वरचा स्क्रू तोच जुना, पाव इंच जाडीचा, इंचांत वीस आट्यांचा. जुन्या पद्धतीच्या अनेक कॅमेऱ्यांना तो बसतो. फोनसाठीं मात्र वर एक चिमटा लावावा लागतो.

परंतु कोणतेंही साधन आपली मर्यादा घेऊनच येतें. भिंगासकट जड कॅमेरा या नाजूक सांध्यांवर चढविला तर पाय हळूहळू खचतात. म्हणून ती किती भार पेलते हें आधीं पाहून घ्यावें. उभी करतांना एक पाय भिंगाच्या बाजूस पुढें काढावा, म्हणजे भार त्रिकोणांत राहतो. विळखा घातल्यावर हात लगेच न काढतां क्षणभर खालीं धरून ठेवावा. आणि कळ दाबण्याचा धक्काही नको म्हणून दोन सेकंदांनीं आपोआप चित्र घेण्याची जी सोय असते, ती वापरावी.

आम्हीं तसेंच केलें. खुर्चीच्या पाठीच्या दांड्याला तिपाईचे पाय गुंडाळले, फोनचें तोंड खालीं केलें, आणि खालीं पाटावर एकेक कागद मांडला. उरलेल्या दोन दिवसांत सगळें दप्तर टिपून झालें. रात्रीं पाहिलें तों अक्षर अन् अक्षर स्वच्छ.

मात्र पहिल्या दिवसाचे कागद पुन्हा उलगडले तेव्हां त्यांतील चार घडीवरच तुटून चुरा झाले. त्यांचें आतां माझ्या हालत्या हातानें काढलेलें चित्रच काय तें उरलें आहे. एका पत्रांत पावसानें ओढ दिल्याचा आणि जनावरें विकावीं कीं नाहीं याचा मजकूर आहे. वरच्या दोन ओळी लागतात, पुढें सगळें पुसट आहे. जनावरें विकलीं कीं राखलीं, तें आतां कळावयाचें नाहीं. मंडळी मोठ्या मनाचीं. त्यांनीं मला एका शब्दानें दोष दिला नाहीं. परंतु मीं स्वतःस दिला आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं माळ्यावर, पेटींत असे कागद असतील, आणि खिशांत फोनही असेल. कागद उलगडण्यापूर्वीं फोनला आधार द्या. वीतभर तिपाई मिळाली तर उत्तम; न मिळाली तर चार पुस्तकांची चळत करा. पण हातावर भरंवसा ठेवूं नका, कारण कांहीं कागद दुसऱ्यांदा उलगडत नाहींत.