गिअर कोणत्या पायाशी?

१९२० च्या दशकात मोटारसायकलचा गिअरचा दांडा बहुधा पेट्रोलच्या टाकीशेजारी असे. गिअर बदलायचा तर एक हात हँडलवरून काढायचा. खड्ड्यांत हे जिवावरचेच काम! दशकाच्या अखेरीस इंग्लंडच्या व्हेलोसेट कंपनीतील हॅरल्ड विलिस यांनी पायाचा दांडा बसवला. एका दाबाला एकच गिअर बदले आणि दांडा आपोआप मूळ जागी येई. दोन्ही हात हँडलवरच राहिले.

पण पाय कोणता? ब्रिटिश गाड्यांत बहुतेक उजवा. १९५० च्या दशकात मद्रासला बनू लागलेल्या बुलेटचाही उजवाच. राजदूतचा मात्र डावा. दांडा आपल्या पायाच्या मापाने वरखाली करता येतो, सवय नाही. घाईत बुलेटवाला राजदूतवर ब्रेक समजून गिअरच दाबणार! अमेरिकेने सप्टेंबर १९७४ पासून बनणाऱ्या मोटारसायकलींना डावा पाय सक्तीचा केला. आपल्या बुलेटचा उजवा त्यानंतरही कित्येक वर्षे टिकला.