दव पडत नाही

दरवर्षी थंडीत एक बातमी येतेच: महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठले. त्याच बातमीत किमान तापमान दिलेलं असतं, आणि ते बरेचदा शून्याच्या चांगलंच वर असतं. मग बर्फ झाला कसा? बातमी खरी असते आणि तापमापकही बिघडलेला नसतो.

गोंधळाची सुरुवात भाषेतच आहे. आपण म्हणतो, दव पडलं. हिंदीतही ओस पडते. जणू पावसाची धाकटी बहीणच. ॲरिस्टॉटललाही तसंच वाटे: दिवसा थोडी वर गेलेली वाफ रात्री गारठून खाली येते. पुढे १७३०च्या दशकात फ्रान्समध्ये द्यु फे यांनी उंच शिडीवर वेगवेगळ्या उंचीला काचा ठेवल्या. खालच्या काचा आधी ओल्या झाल्या. निष्कर्ष उलटा निघाला: दव जमिनीतून वर येतं!

हा वाद मिटवला लंडनच्या एका डॉक्टरनं. विल्यम चार्ल्स वेल्स त्याचं नाव. प्रकृती ढासळलेली, तरी हा गृहस्थ रात्र रात्र बागेत बसे. साधन काय, तर लोकरीचे पुंजके. दहा ग्रेनचा एक पुंजका फळीच्या वर, दुसरा खाली चिकटवलेला. सकाळी वजन केलं. वरच्या पुंजक्यात १४ ग्रेन पाणी, खालच्यात फक्त ४. दव जमिनीतून येत असतं तर खालचा जास्त भिजायला हवा होता. बरं, पावसासारखं पडत असतं तर खालचा कोरडाच राहता.

वेल्सनं तापमापक थेट गवतावर ठेवले. निरभ्र रात्री गवत वरच्या हवेपेक्षा कितीतरी थंड निघालं, आणि तेही दव दिसण्याआधी. म्हणजे दवामुळे गारवा नव्हे, गारव्यामुळे दव. पान पातळ असतं, आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडत राहतं आणि जमिनीकडून त्याला फारशी परत मिळत नाही. ते पुरेसं गार झालं, की लगतच्या हवेतली वाफ त्याच्यावरच पाणी होते. (अळूच्या पानाच्या टोकाशी सकाळी लटकणारा थेंब मात्र बहुधा दव नसतो, ते झाडानं स्वतः बाहेर टाकलेलं पाणी.) वेल्सचा निबंध १८१४ साली आला, रॉयल सोसायटीचं रम्फर्ड पदक मिळालं आणि १८१७ मध्ये तो गेला.

बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात राहणाऱ्या आपल्या मंडळींना हा प्रयोग फुकटात पाहता येतो. डिसेंबरात उघड्यावर लावलेल्या गाडीचं टप सकाळी ओलं असतं आणि झाडाखालची गाडी जवळजवळ कोरडी. झाडानं दव अडवलेलं नसतं, आकाश झाकलेलं असतं.

वेण्णा तलावाचं कोडंही इथेच सुटतं. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरवर, पेटीच्या सावलीत असतो. स्ट्रॉबेरीचं पान उघड्यावर असतं. शिवाय थंड हवा जड, ती सखल भागात साचते. अलाहाबादला लोक मातीच्या उथळ ताटल्यांत, खाली वाळका पेंढा घालून, हवा शून्याच्या वर असतानाही बर्फ करत. वेल्सनंही बंगालच्या अशा बर्फाची चर्चा केली आहे.

पण वेल्सवर सगळं संपलं नाही. १९३२ साली पुण्यात हवामान खात्याचा कृषी विभाग उभारणाऱ्या एल. ए. रामदास यांनी सहकारी आत्मनाथन यांच्यासह दाखवलं की शांत, निरभ्र रात्री उघड्या जमिनीवर सर्वात थंड थर जमिनीला टेकलेला नसतो, वीत-दोन वीत वर असतो. अनेकांना ही मोजमापातली चूक वाटली. त्याचं गणिती स्पष्टीकरण १९९३ साली बेंगळुरूहून आलं, वासुदेव मूर्ती, श्रीनिवासन आणि रोद्दम नरसिंह यांच्याकडून. तिथल्याच जवाहरलाल नेहरू केंद्रात पुढे हवेतल्या बारीक कणांचा त्यातला वाटा तपासला गेला.

आता शेतकऱ्याचं काय? माळी कोवळ्या रोपांवर पातळ चटया घालतात याचं वेल्सला पूर्वी हसू येई. एवढ्याशा आडोशानं हवा थोडीच ऊबदार होणार! मग त्यानं चार काड्यांवर गवतापासून थोडा वर एक तलम रुमाल ताणून बांधला. त्याखालचं गवत उघड्या गवतापेक्षा कित्येक अंश उबदार राहिलं. आपल्याकडे रोपवाटिकेवर रात्री गोणपाट टाकतात, ते याच कामासाठी.