मिरी, पिंपळी आणि टीबीची गोळी

आपल्या चिकलठाणा एमआयडीसीत ल्युपिनच्या कारखान्यात टीबीच्या गोळ्या बनतात, हे शहरात बऱ्याच जणांना माहीत असेल. पण टीबीच्या औषधाला मिरीची जोड द्यायचा प्रयोगही आपल्याच देशात झालाय, हे फारसं कुणी सांगत नाही.

आयुर्वेदाच्या इतक्या औषधांत त्रिकटू, म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी, का असतं? जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल यांनी हे शोधलं आणि १९८१ मध्ये छापलं: मिरी-पिंपळीतलं पायपरिन सोबतचं औषध रक्तात जास्त पोहोचवतं. पुढे याच संस्थेनं कॅडिला फार्मास्युटिकल्सबरोबर ‘रिसोरिन’ कॅप्सूल आणली. रिफाम्पिसिन ४५० मिलिग्रॅमऐवजी फक्त २००, जोडीला पायपरिन १०. आयसोनियाझिड मात्र तेवढंच, ३००. चीनमध्येही टीबीच्या गोळ्यांना वनौषधींची जोड देतात.

मला यात एक गोष्ट मोठी वाटते. गोळी कुणीच काढून टाकली नाही! आपल्याकडे मात्र दोन महिन्यांत खोकला थांबला की लोक सरकारी, फुकट मिळणाऱ्या गोळ्या सोडून काढ्यावर येतात. साध्या टीबीचा कोर्सही निदान सहा महिन्यांचा असतो राव. रिसोरिनमधलं पायपरिन मिलिग्रॅममध्ये मोजलेलं होतं, रक्त तपासून ठरवलेलं होतं. घरचा काढा असा कुणी मोजलेला नसतो.