नहाणी ट्रॅप

बाथरूमचं काम काढलं की जुनी लादी फुटते आणि प्लंबर विचारतो, "नहाणी ट्रॅप आहे तिथंच ठेवायचा की हलवायचा?" जाळीखाली बसवलेल्या, पाणी अडवून वास थोपवणाऱ्या भांड्याचं हे नाव. महाराष्ट्राबाहेरच्या हार्डवेअर दुकानांतही ते याच नावानं मिळतं. आपण न्हाणीला बाथरूम म्हणायला लागलो, शब्द मात्र लादीखाली राहून गेला.

न्हाणीत पाणी यायचं ते हंड्या-घागरींतून, बहुतेकदा घरातल्या बाईच्या कमरेवरून. मुंबईत हे बदलू लागलं १८६० मध्ये, विहार तलावाचं पाणी लोखंडी नळांतून शहरात आलं तेव्हा. मग तुळशी, मग १८९२ मध्ये तानसा. तरी विहिरी चालूच होत्या. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांच्या अहवालानं मलेरियाच्या डासांचा माग थेट या विहिरींपर्यंत नेला. त्या झाकण्या-बुजवण्याची मोहीम निघाली. विहिरींवर श्रद्धा असलेल्यांनी विरोधही केला. पण पाण्यासाठी नळाकडे बघणं आता भागच होतं.

आणि नळ कुठे होता? बऱ्याच चाळींत सामाईक. १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळींची खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या सगळ्यांचा. चाळीच्या खोलीत कोपऱ्यातली मोरी हीच सगळं काही: भांडी, धुणं, आंघोळ. बाईची आंघोळ असली की जुन्या साडीचा पडदा लागायचा आणि पुरुष गॅलरीत जाऊन उभे राहायचे. म्हणून मोरीला भिंत घालून पाइप दोन-तीन फूट आत वळवणं ही माझ्या मते सजावट नव्हतीच. दाराला आतून कडी लागली. एवढ्यासाठी कितीतरी घरांनी स्वयंपाकाची जागा आणखी आक्रसून घेतली.

तेव्हाची लाइन जीआय पाइपची, भिंतीवरून उघडी. गंजली तर दिसायची. आता सीपीव्हीसी लाइन भिंतीत गाडतात; ती गंजत नाही, पण गळाली तर आधी कळतं खालच्या मजल्यावरच्यांना. म्हणून टाइल्स लावण्याआधी प्रेशर टेस्ट घ्यायलाच लावा. आणि उघड्या भिंतीला मेजरिंग टेप लावून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. टॉवेलचा रॉड ठोकायला ड्रिल आणाल, तेव्हा लाइन कुठून गेलीय हे तेवढ्यातच सापडेल.