आकडी कोठून सुरू झाली?

१/ पक्षाघात होऊन गेलेल्या वृद्धाला काही महिन्यांनी आकडी येते, हात लुळा पडतो. ‘पुन्हा पक्षाघात झाला’ असे घरचे समजतात. हा गुंता एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये उलगडू लागला.

२/ आकडीनंतर येणारा व पुढे ओसरणारा लुळेपणा रॉबर्ट बेंटली टॉड यांनी १८४९ मध्ये वर्णिला. आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

३/ जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी आकडी कोठून सुरू होते हे पाहिले. अंगठ्यातले आचके दंडाकडे, चेहऱ्याकडे सरकत. म्हणजे इजा मेंदूच्या विरुद्ध बाजूस, ठरावीक जागी! १८७० मध्ये बर्लिनमध्ये फ्रिट्श व हिट्झिग यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांनी या विचारास बळ दिले.

४/ १८७६ मध्ये जॅक्सन यांच्या पत्नी एलिझाबेथ मेंदूच्या शिरेतील गुठळीने वारल्या. त्यांनाही अशाच एकांगी आकड्या येत.

५/ जॅक्सन यांचा प्रश्न आजही डॉक्टर विचारतात. म्हणून सुरुवात व वेळ टिपावी. रुग्णाला कुशीवर वळवावे, दाबून धरू नये, तोंडात काही घालू नये. वृद्धांत कधी आचके नसतात. नुसती शून्य नजर, असंबद्ध बोलणे. आकडी पाच मिनिटांहून लांबल्यास किंवा लुळेपणा दिसल्यास तत्काळ १०८. तो टॉड यांनी वर्णिलेला की नवा पक्षाघात, हे घरी ठरवता येत नाही.